मॉरिस मायनर रिस्टोअर करायला दिली त्याची गोष्ट, जुनी गाडी असलेल्यांनी रंगाचे पैसे द्यायच्या आधी वाचा

घरी जुनी ब्रिटिश गाडी पडून असेल, मॉरिस, ऑस्टिन, हिलमन, हेराल्ड काहीही, आणि यंदा करूनच टाकू असं चाललं असेल तर जरा वेळ काढून वाचा. लांबलचक लिहिलंय, इलाज नाही, कारण फसवणूक कुठे होते ते नुसतं 'सावध राहा' म्हणून कळत नाही, नटबोल्टापर्यंत जावं लागतं.

आमची गाडी म्हणजे १९५८ ची मॉरिस मायनर १०००. आजोबांनी साताऱ्यातल्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतलेली, नंबर अजून बीएम वाला, म्हणजे मुंबई राज्याच्या वेळचा. बाबांनी ती बरीच वर्षं चालवली, मग वाईच्या घरी शेडमध्ये गेली ती गेलीच. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमात व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी सोय केली, पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं उलटलेली गाडी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चॅसी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठा फेरफार नाही, तर ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. रोज ऑफिसला न्यायला किंवा भाड्याने द्यायला नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं एवढ्यासाठीच. आम्हाला तेवढं पुष्कळ होतं. बाबांना तिच्यात बसून महाबळेश्वरच्या रॅलीला वगैरे जायचं होतं, बस.

तर एका रॅलीतच जुन्या गाड्या रिस्टोअर करून देणारा हा माणूस भेटला. नाव लिहीत नाही, केस चालू आहे. पुण्याबाहेर शेड, शेडमध्ये दोन-तीन चकाचक गाड्या उभ्या (त्या कोणाच्या होत्या देव जाणे), बोलणं एकदम लाघवी, बाबांना 'साहेब', मला 'दादा'. "दादा, टेन्शन घेऊ नका, फुल नट-टू-नट करून देतो, साहेबांना बसवूनच गाडी बाहेर काढू." साडेतीन लाखांचा अंदाज दिला, त्यातले निम्मे आधी. शेवटी आमचे पावणेपाच लाख गेले.

पहिल्या महिन्यात त्याने गाडी पूर्ण खोलली. हे नीट लक्षात घ्या, कारण सगळा खेळ इथे आहे. काम सुरू झालंय म्हणून आपण खूश होतो आणि प्रत्यक्षात गाडी आता हलवता येत नाही, दरवाजे एकीकडे, इंजिन दुसरीकडे, बारीक सामान कुठल्यातरी रंगाच्या डब्यात. त्यानंतर तो जे मागेल ते देण्याशिवाय गत्यंतर नसतं, नाहीतर गाडीचे तुकडे टेम्पोत घालून घरी आणा. आणि वरून त्याला कायदाही तोंडपाठ होता. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे दुरुस्तीसाठी दिलेल्या वस्तूवर कारागिराने मेहनत केली असेल तर मजुरी मिळेपर्यंत तो ती वस्तू अडवून ठेवू शकतो, हे आम्हाला आमच्या वकिलांनी नंतर सांगितलं, त्याने आधीच ऐकवलं होतं. फक्त हा हक्क ठरलेलं काम ठरल्याप्रमाणे केलं असेल तरच आहे, हा भाग त्याने गाळला.

मग सुरू झाली इंग्लंडच्या पार्टची कहाणी. मायनरचे पार्ट आजही इंग्लंडमध्ये जवळपास सगळे नवे मिळतात, ही गाडी त्यांच्याकडे १९४८ ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बनली, दहा लाखांच्या वर बनलेली पहिली ब्रिटिश गाडी, त्यामुळे तिथे तिचा धंदाच आहे. त्यामुळे 'इंग्लंडहून मागवलंय' हे खोटं वाटतच नाही. ब्रेकचं सगळं सामान, पुढच्या चाकांच्या सांध्यांचे ट्रनियन आणि किंगपिन, रबरं, असे सव्वा लाख घेतले आणि पुढे कित्येक महिने पार्सल कस्टममध्ये अडकलेलं. मी इनव्हॉइस मागितलं तर व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ आली. बाबा रिटायर्ड अकाउंटंट, त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, अरे ह्याच्यात वीस टक्के व्हॅट कसा लावलाय? माल देशाबाहेर पाठवताना इंग्लंडचे दुकानदार तो साधारणपणे लावत नाहीत, निर्यातीला तिथे झिरो रेट आहे. आणि दुसरी गंमत, ब्रेक लायनर पुढचे आठ इंचांचे लिहिलेले. आठ इंची पुढचे ड्रम १०९८ सीसी इंजिन आलं तेव्हा म्हणजे १९६२ ला आले, आमच्या ९४८ सीसी गाडीला चारही सात इंची. म्हणजे नेटवरून कुणाचं तरी बिल उचललेलं, आकडे तेवढे बदललेले. परदेशातून सामान येतं तेव्हा कुरिअरचा नंबर असतो, कस्टमची बिल ऑफ एंट्री असते, ड्युटी भरल्याची पावती असते. ते तीन कागद मागा. आमच्याकडे त्यातला एकही आला नाही, "दादा, तो माझा माणूस आणतो, बॅगेतून" असं उत्तर आलं. कस्टममध्ये अडकलेलं पार्सल अचानक बॅगेत कसं शिरलं ते विचारलं तर आवाज चढला.

ट्रॅफिकेटरचं मला सगळ्यात जास्त लागलंय. ज्यांनी बघितले नाहीत त्यांच्यासाठी, त्या काळच्या मायनरला लुकलुकणारे इंडिकेटर नव्हते, दरवाज्यामागच्या खांबातून एक छोटा नारिंगी दिव्याचा हात टक् करून बाहेर यायचा. १९६१ ला कंपनीने ते बंद करून फ्लॅशर दिले. आमचे दोन्ही चालू होते, बाबा लहान मुलांना मुद्दाम दाखवायचे. याने ते "रिपेअरला" काढले आणि खांबाच्या खाचा पत्र्याने बंद करून पुढेमागे मोटरसायकलचे इंडिकेटर लावले. का, तर "आरटीओला असलं चालत नाही साहेब, पास होणार नाही." आता वरचा नियम परत वाचा. मूळ स्वरूपात गाडी हवी असं नियम म्हणतोय आणि हा बॉडी कापून मूळ वस्तू काढतोय, म्हणजे ज्याच्यासाठी एवढा खर्च तेच धोक्यात. असे चालू ट्रॅफिकेटर शौकीन लोक चांगल्या पैशाला घेतात, एवढं साधं गणित आहे. कार्ब्युरेटरही तसाच गेला, मूळ एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या जागी कुठल्यातरी भंगारातला बसवला. डायलसुद्धा गेला असता पण मधला तो मोठा स्पीडोमीटर बाबांनी आधीच काढून घरी ठेवला होता, काच तडकेल म्हणून.

गाडी द्यायच्या आधी आम्ही भरपूर फोटो काढले होते. प्रत्येक पार्टचा, नंबरसकट, फायरवॉलवरची चॅसी प्लेट, ब्लॉकवरची इंजिन नंबरची प्लेट, ट्रॅफिकेटर उघडलेले. आज वकील ज्याच्या जिवावर बोलतायत ते हेच फोटो. अजून एक काम करता येतं जे फार लोकांना माहीत नसतं, इंग्लंडमध्ये गेडनला ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, त्यांच्याकडे कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या आहेत, चॅसी नंबर देऊन फी भरली की नोंद सापडल्यास हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं, गाडी कधी बनली, इंजिन नंबर काय, रंग कुठला, कुठे पाठवली. रिस्टोअररने 'हा रंग ओरिजिनल नाही' किंवा 'इंजिन आधीच बदललेलं होतं' असं म्हणायला सुरुवात केली की हा कागद तोंड बंद करतो.

शेवटी आम्ही जवळपास भांडून गाडी उचलली. दिसायला, खोटं का बोला, सुंदर दिसत होती. हिरवा रंग, आरशासारखा. स्टार्टही झाली. शेजारीपाजारी पेढे मागायला आले. आठवड्याने चाक बदलायचं म्हणून मी जॅक लावला तर जॅक वर चढला आणि गाडी जागच्या जागी. जॅक सरळ फ्लोअरमध्ये घुसला होता. मायनरला वेगळी चॅसी नाही, बॉडीच सगळं वजन पेलते, फ्लोअरखालचा आडवा मेंबर, त्याची टोकं, मागच्या स्प्रिंगचे हँगर, हेच तिचे सडायचे ठरलेले स्पॉट. आमच्या गाडीत तिथे नवा पत्रा मारल्याचं बिल होतं आणि प्रत्यक्षात फायबरची चटई, त्यावर बोटभर जाडीची लांबी (पुट्टी), त्यावर काळंकुट्ट अंडरकोटिंग. थापीव काम. लोहचुंबक रुमालात गुंडाळून फिरवला तर खाली हातभर जागेत कुठेच चिकटेना.

मग कोल्हापूरला एक म्हातारे मिस्त्री आहेत त्यांच्याकडे गाडी ट्रकवर घालून नेली. त्यांनी उलटसुलट बघितलं, फार बोलत नाहीत. मास्टर सिलेंडर नवा टाकल्याचं बिल दाखवलं तर खाली झोपले, बॅटरी मारली आणि म्हणाले, "अवं, ह्ये बोल्ट कवा फिरल्यालंच न्हाईत." मायनरचा ब्रेकचा मास्टर सिलेंडर ड्रायव्हरच्या पायाखाली बॉडीच्या चॅनलच्या आत असतो आणि त्याच्या बोल्टांसमोर पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार येतो, तो सरकवल्याशिवाय बोल्ट निघतच नाहीत. इथे टॉर्शन बारच्या नटावर जुना गंज आणि त्यावर नवं अंडरकोटिंग, अखंड. म्हणजे हात लागलेला नाही. आत रबर कुजलेलं, पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जात होतं. अशा गाडीत तो बाबांना घाट उतरायला बसवणार होता.

ट्रनियनचं तेच. पुढच्या चाकाचा खालचा सांधा, ज्याच्या आट्यांवर सगळं फिरतं, ग्रीस न मिळाल्यास आटे झिजून चाक गाडीखाली दुमडतं, मायनरचा हा जगजाहीर दोष आहे. नवे टाकले म्हणे. ग्रीस निपलचं तोंड रंगाने बुजलेलं होतं.

इंजिनाला बोअर करून, म्हणजे सिलेंडर आतून कापून मोठे करून, वीस थाऊ (०.०२० इंच) ओव्हरसाइज पिस्टन टाकल्याचे पन्नास हजार लावलेले. मिस्त्रींनी हेड उतरवलं आणि मला म्हणाले, बोट घाल. बोअरच्या वरच्या टोकाला नख अडकत होतं. वर्षानुवर्षं रिंग जिथपर्यंत जाते त्याच्या वर अशी कडा राहते, बोअर केला की ती जाते. कडा आहे म्हणजे बोअर झालेला नाही, आणि पिस्टनच्या डोक्यावर वीसचा शिक्काही नाही. हे बघायला मेकॅनिक असायची गरज नाही, हेड बसवायच्या आधी जाऊन बोट फिरवा. तसंच पत्र्याचं, रंग मारायच्या आधी, लांबी भरायच्या आधी, उघडा पत्रा आणि वेल्डिंग स्वतः बघा आणि त्या टप्प्याचे पैसे तेव्हाच द्या. "रंग सुकू द्या मग या" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. आणि गाडी द्यायच्या आधी सहज विचारा की बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला लावणार. या डायनामोवाल्या मायनरला प्लस बॉडीला असतो. आमच्या शहाण्याने मायनस लावला होता.

आरटीओच्या नावावरही काढलेच. व्हिंटेज नोंदणीत जुना बीएम नंबर जाईल, व्हिंटेज गाड्यांची व्हीए सिरीज घ्यावी लागेल, पण "सेटिंग करून" वाचवतो म्हणून चाळीस हजार. नियमात आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो असं सरळ लिहिलंय, व्हीए नवीन नोंदणी होणाऱ्यांना. नव्या नोंदणीची फी २० हजार, पुनर्नोंदणीची ५ हजार. नोंदणी दहा वर्षं चालते. सेटिंग कसलं डोंबलाचं.

पोलिसांकडे गेलो तर पहिलं वाक्य, "हा सिव्हिल मॅटर आहे." काम खराब झालं एवढंच सांगितलं तर ते तसंच म्हणणार. काढून घेतलेल्या वस्तूंची फोटोंसकट यादी, आणि न केलेल्या कामाची बिलं, हे वेगळं काढून लेखी दिलं, न्याय संहितेच्या ३१६ आणि ३१८, म्हणजे विश्वासघात आणि फसवणूक, ही कलमं अर्जात लिहिली, तेव्हा कुठे अर्ज घेतला. शिवाय जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे, सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून (आधी ई-दाखिल होतं) घरबसल्या होते, दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षं. कोल्हापूरच्या मिस्त्रींनी गाडी उघडताना प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ करू दिला आणि लेखी रिपोर्ट दिला, तो जोडला. समोरचा पहिल्या तारखेला आलाच नाही, दुसऱ्या तारखेला वकील पाठवला आणि म्हणणं द्यायला मुदत मागितली.

गाडी आता कोल्हापुरातच आहे, फ्लोअर नव्याने होतोय, या वेळी खऱ्या पत्र्याचा. खांबाच्या खाचा परत उघडल्यात. एक विनंती, नाना पेठेत, कुर्ल्याला किंवा कुठल्याही ग्रुपवर मायनरच्या ट्रॅफिकेटरची जोडी विकायला आलेली दिसली तर डावा नीट बघा, बुडाशी तडा आहे आणि त्यावर बाबांनी लावलेल्या अराल्डाइटचा पिवळा ठिपका. फोटो काढा, घेऊ नका, मला कळवा.