फोरमन की टायसन?

परभणीत तालमीतून बाहेर पडलं की समोरच्या टपरीवर हा वाद ठरलेला: बॉक्सर जॉर्ज फोरमन आणि माइक टायसन ऐन भरात समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं? मामा फोरमनचे, मी टायसनचा.

"1973 ला किंग्स्टनमध्ये तेव्हाच्या चॅम्पियन जो फ्रेझरला दोन राउंडात सहा वेळा लोळवलं रे त्यानं," मामा बशीत चहा ओतत म्हणतात. माझी अडचण तिथंच आहे. फ्रेझर बुटका, वाकून आत घुसणारा, आणि टायसनची चालही तीच. फोरमन सव्वासहा फुटांचा धिप्पाड गडी. आत येणाऱ्याला दोन्ही हातांनी ढकलायचं, अंतर मिळालं की अपरकट, म्हणजे खालून वर हनुवटीवर ठोसा.

पण टायसन फ्रेझरपेक्षा लै चपळ. 1988 मध्ये स्पिंक्स 91 सेकंदांत आडवा! तेवढ्यात टपरीवरचा चहासुद्धा उकळत नाही. फोरमनचे ठोसे लांबून, घेर घेऊन येणारे. डोकं हलवत आत शिरलं की बरगडी मोकळी सापडते.

फोरमनचे नॉकआउट 68, टायसनचे 44, हा हिशेब मला पटत नाही. फोरमन लढलाही जास्त. दमाचं म्हणाल तर 1974 ला अलीनं त्याला दमवून आठव्या राउंडात पाडलंच की. टायसनलाही 1990 ला टोकियोत उंच डग्लसनं दहाव्यात झोपवलं.

तिसऱ्या राउंडाच्या आत निकाल लागला तर टायसन. लढत पुढं गेली तर... मामांना सांगू नका.