ऑन-ग्रिड की हायब्रिड? छपरावरच्या सौरऊर्जेची निवड करताना

सौरऊर्जा घ्यावी की नाही, हा प्रश्न हा लेख वाचणाऱ्यांपुरता सुटलेला आहे, असे मी धरून चालतो. 1954 मध्ये बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट दाखवला, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे 6 टक्के होती. आज घरावर बसणारे साधे पॅनेलही 20 टक्क्यांच्या पुढे गेले आहे. जगाच्या सौर क्षमतेचा पहिला टेरावॅट (दहा लाख मेगावॅट) पूर्ण व्हायला 2022 उजाडले आणि दुसरा 2024 मध्येच जमा झाला. लोक अडतात ते पुढच्या पायरीवर. पॅनेल थेट ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडून मोकळे व्हावे (हेच ऑन-ग्रिड), की मध्ये बॅटरी घालून हायब्रिड यंत्रणा घ्यावी? मी आधी एक व नंतर दुसरी वापरली आहे आणि माझा कल कुठे आहे ते पुढे दिसेलच. तरी तुमची परिस्थिती वेगळी असू शकते, हे ध्यानात ठेवूनच वाचावे.

ऑन-ग्रिडचे गुण खरे आहेत आणि ते कमी लेखू नयेत. यंत्रणा सुटसुटीत असते, भिंतीवर एक इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारे यंत्र) पुरतो, आणि जिथे नेट मीटरिंगचे (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करण्याचे) नियम उदार आहेत तिथे दिवसा ग्रिडला दिलेले युनिट रात्री जवळपास त्याच भावाने परत मिळते. बॅटरी नसल्याने साठवणुकीतली गळती नाही आणि दहा-बारा वर्षांनी मोठा खर्च समोर उभा राहण्याची चिंताही नाही. वीज क्वचितच जाते अशा ठिकाणी राहणाऱ्याने हाच पर्याय घेतला, तर मी त्याला अडवणार नाही.

माझ्या बाबतीत मात्र एका गोष्टीने निर्णय फिरवला, आणि ती गोष्ट माहितीपत्रकात सहसा शेवटच्या पानावर एका ओळीत असते. ग्रिडची वीज गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टरही बंद होतो. हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि भर दुपारी ते सोसणे वेगळे. डोक्यावर स्वच्छ ऊन, छपरावर पॅनेल तापलेली, आणि खाली पंखा थांबलेला. इन्व्हर्टरच्या पडद्यावर ग्रिड नसल्याची सूचना आणि निर्मितीच्या जागी शून्य. वीज परत आली तरी यंत्र लगेच सुरू होत नाही. ग्रिड स्थिर असल्याची खात्री होईपर्यंत ते थांबते, आणि अनेक यंत्रांत हा काळ 300 सेकंदांचा असतो. पडद्यावर आकडे एकेक करून उतरत असतात आणि ते शून्यावर पोहोचण्याआधी वीज पुन्हा गेली, तर मोजणी पहिल्यापासून सुरू होते. विजेचा लपंडाव चालू असलेल्या दुपारी असे वारंवार घडते आणि सगळ्यात चांगले ऊन वाया जाते. त्याच वेळी आसपास कुठेतरी डिझेलचा जनरेटर धडधडत असतो. इतक्या उन्हात तेल जाळले जावे, हे मला मनापासून खटकत असे.

यात यंत्राचा दोष नाही, हे इथेच स्पष्ट केले पाहिजे. वाहिनीवर दुरुस्तीसाठी चढलेला लाइनमन ती मृत समजून हात लावतो. त्या क्षणी एखाद्या छपरावरून तिच्यात वीज येत असेल तर त्याचा जीव जाऊ शकतो. म्हणूनच ग्रिड गेल्याचे ओळखून दोन सेकंदांच्या आत बंद होण्याचे बंधन अशा इन्व्हर्टरवर असते, आणि ते योग्यच आहे. दुसरे कारण तांत्रिक आहे. साधा सौर इन्व्हर्टर ग्रिडचा व्होल्टेज आणि वारंवारता पाहून आपली वीज तिच्या तालात मिसळतो. स्वतः ताल धरण्याची सोय त्यात केलेलीच नसते. अशा यंत्रांना ग्रिड-फॉलोइंग म्हणतात, आणि स्वतः लहर उभी करू शकणाऱ्यांना ग्रिड-फॉर्मिंग.

घराच्या भिंतीवर दिसणारा हाच प्रश्न आज देशांच्या पातळीवर उभा आहे. 28 एप्रिल 2025 रोजी दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरील वीज काही सेकंदांत गेली. त्या वेळी स्पेनच्या वीजनिर्मितीत सौरऊर्जेचा वाटा निम्म्याहून अधिक होता. व्होल्टेज आवरता न आल्याने निर्मितीकेंद्रे एकामागून एक तुटत गेली, असे पुढे तपासात दिसले. त्यामुळे सगळे खापर सौरऊर्जेवर फोडणे चुकीचे ठरेल. पण बॅटरीविना ग्रिडला जोडलेल्या छपरांना त्या लख्ख दुपारी आपल्याच घरातला दिवा लावता आला नाही, एवढे तर निश्चित. याउलट दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेल येथे 2017 मध्ये 100 मेगावॅटची बॅटरी उभारली गेली, नंतर ती वाढवण्यात आली, आणि 2022 मध्ये तिला मोठ्या फिरत्या जनित्रांसारखे जडत्व (वारंवारता अचानक ढळू न देणारा आधार) ग्रिडला पुरवण्याची क्षमता दिली गेली. कोळशाची केंद्रे मागे सरतील तसे ग्रिडला सावरून धरण्याचे काम अशाच यंत्रांकडे येईल, असे मला वाटते.

हायब्रिड इन्व्हर्टर हीच गोष्ट घरापुरती करतो. ग्रिड गेली की तो बाहेरचा संबंध तोडतो, लाइनमनची सुरक्षितता राखतो, आणि आत स्वतःची लहर उभी करून निवडक जोडण्या चालू ठेवतो. हा बदल बहुतेक यंत्रांत 10 ते 20 मिलिसेकंदांत होतो. माझ्या अनुभवात संगणक बंद पडत नाही. कित्येकदा वीज गेल्याचे रस्त्यावरचे दिवे पाहूनच कळते. महत्त्वाचे म्हणजे पॅनेलचे काम चालूच राहते आणि दुपारची वीज बॅटरीत उतरत राहते. मी काही मोजमाप ठेवलेले नाही, पण घरातली विजेविषयीची कुरकुर थांबली, हे नक्की.

याची किंमत मोजावी लागते, आणि पैशांपलीकडेही काही कटकटी आहेत. बॅटरीत घातलेल्या विजेतला साधारण दहावा हिस्सा आत-बाहेर करताना खर्ची पडतो. इन्व्हर्टर रात्रीही थोडी वीज खातो आणि त्याचा पंखा ऐकू येतो, म्हणून तो झोपण्याच्या खोलीच्या भिंतीला लावू नये. पाण्याच्या पंपासारखी मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. ती बॅकअपच्या जोडणीवर टाकली तर लहान यंत्र हमखास ट्रिप होते. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटचीच घ्यावी, असे मी सुचवीन. शिसे-आम्लाची बॅटरी 1859 पासूनची, खात्रीची आणि स्वस्त आहे. पण ती निम्म्याहून खाली उतरवली की लवकर थकते, आणि साध्या प्रकारात पाणी भरत राहावे लागते. लिथियमला मात्र उष्णता सोसत नाही आणि गोठणबिंदूखाली चार्जिंगही चालत नाही, म्हणून जागा सावलीची व हवेशीर निवडावी.

ग्रिडशी संबंधच न ठेवणारा तिसरा पर्याय मी बाजूला ठेवतो. सलग ढगाळ दिवसांसाठी बॅटरी फुगवावी लागते आणि बॅटरी भरली की उरलेले ऊन वाया जाते. जिथे तारच पोहोचत नाही तिथेच तो शोभतो.

आता पैशांचे. हा हिशेब दरवर्षी थोडा थोडा हायब्रिडकडे झुकतो आहे. लिथियम बॅटरीचा जागतिक सरासरी भाव 2010 मध्ये किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर होता. 2024 मध्ये तो 115 डॉलरच्या आसपास आला. घरी बसवलेली बॅटरी याहून बरीच महाग पडते, हे खरे, पण दिशा तीच आहे. दुसरीकडे, दुपारी सगळ्यांचीच छपरे वीज देऊ लागल्याने त्या वेळच्या विजेचे मोल घटत चालले आहे. कॅलिफोर्नियाने एप्रिल 2023 पासून नव्या जोडण्यांसाठी ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला मोठ्या प्रमाणात कापला, आणि त्यानंतर तिथे पॅनेलसोबत बॅटरी घेणारे वाढले. उदार नेट मीटरिंग पंचवीस वर्षे टिकेल, या गृहीतकावर मी तरी घराचे गणित मांडणार नाही.

म्हणून तुमच्याकडे वीज वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी जात असेल, तर ऑन-ग्रिड घेण्यात काही वावगे नाही. ती आठवड्याला जात असेल, किंवा घरात आजारी माणसाचे यंत्र चालत असेल, तर मी हायब्रिड सुचवीन. मात्र बॅटरी लहान, फक्त दिवे, पंखे, फ्रीज आणि इंटरनेट यांच्यापुरती. दोन्हींत मन अडकले असेल, तर आज बॅटरीविना चालणारा पण नंतर ती जोडता येईल असा इन्व्हर्टर घ्यावा. नुसत्या पॅनेलवर त्याचे बॅकअप चालत नाही, अशी अट पुष्कळ यंत्रांत असते, तेव्हा ते आधी विचारून घ्यावे. आणि बसवणारा घरी येईल त्याच दिवशी त्याच्याकडून गरजेच्या जोडण्यांची वायर व एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप बंद होणारा स्विच) वेगळी काढून घ्यावी, कारण भिंती रंगवून झाल्यावर हे काम सगळ्यात जड जाते.