दिवाळी ते गणपती: चिकटवलेल्या बक्रमच्या कॉलरचा अनुभव

शर्टांचं कापड अजून नव्यासारखं आहे, पण कॉलरकडे बघवत नाही. दिवाळीला नौपाड्यात शिवून घेतलेल्या निळ्या पॉपलिनच्या दोन्ही शर्टांच्या कॉलरवर पावसाळ्यात फोड आले. इस्त्री केली की बसतात, धुतलं की पुन्हा वर. शिलाई जवळजवळ कापडाइतकीच पडली होती, म्हणून राग जास्त.

"साहेब, मशीनमध्ये गरम पाण्यात टाकत असाल," हे शिंप्याचं पहिलं उत्तर. आमच्याकडे शर्ट हातानेच धुतात, तेही नळाच्या थंड पाण्यात. बरीच हुज्जत झाल्यावर त्यांनी एक कॉलर उसवली. बक्रम, म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आत चिकटवलेलं अस्तर, केळ्याच्या सालीसारखं सुटून आलं. त्यावरचे डिंकाचे ठिपके बऱ्याच ठिकाणी वितळलेच नव्हते.

तोवर मी सगळ्यांना 'चिकटवलेलं बक्रम नकोच' असं सांगत होतो. आता तसं म्हणणार नाही. कारण याच दुकानातल्या माझ्या ऑक्सफर्ड कापडाच्या शर्टाची कॉलर आजही सपाट आहे. खोदून विचारलं तेव्हा कळलं, तिचं फ्यूजिंग, म्हणजे बक्रम उष्णतेने चिकटवणं, बाहेरून प्रेसवर, म्हणजे गरम दाबयंत्रावर, करून आणलं होतं. पॉपलिनवर दिवाळीच्या घाईत दुकानातलीच इस्त्री फिरवली. कॉलरच्या बक्रमवर बहुधा पॉलिथिलीनचा डिंक असतो. त्याला १५० अंशांच्या आसपास उष्णता, पंधराएक सेकंद वेळ आणि सगळीकडे सारखा दाब लागतो. हाताच्या इस्त्रीने तो दाब मिळत नाही. त्यात बक्रम सुती आणि न आटवलेलं असेल तर पहिल्या काही धुण्यांतच ते आटतं, आणि वरचं कापड फुगतं.

स्पर्शाबद्दलची तक्रार मात्र कायम आहे. बटणपट्टीलाही बक्रम चिकटवल्यामुळे मऊ पॉपलिन तिथे ताठ होतं, बसलं की पोटावर टोकदार घडी पडते. सकाळच्या लोकलमध्ये घाम आला की कॉलरची कड मानेला घासते. यापुढे कॉलर-कफला फक्त प्रेसवरचं फ्यूजिंग, बटणपट्टीला कापडाचीच दुहेरी घडी.

उरलेलं कापड शिंप्याने ठेवलं नव्हतं, म्हणून ते पांढरी कॉलर लावतो म्हणाले. निळ्या शर्टाला ती मला नको. बक्रम कॉलरच्या वरच्याच पदराला होतं, खालचा पदर कोरा आहे. तो वर घेऊन कॉलर उलटवा, आत प्रेसवर चिकटवलेलं नवं बक्रम घाला, असं ठरलंय. शिलाई घेणार नाहीत, हे पावतीवर लिहून घेतलंय.