शेनिन की सॉव्हिन्यॉ, शिराझ की कॅबरने? नाशिकची वाईन घेण्यापूर्वी

गंगापूर धरणाकडे जा किंवा दिंडोरी रस्त्याला लागा, टेस्टिंगच्या टेबलावर हीच चार नावं हमखास भेटतात: पांढऱ्यात शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्यॉ ब्लाँ, लालमध्ये शिराझ आणि कॅबरने सॉव्हिन्यॉ. त्याआधी खाण्याच्या थॉमसन द्राक्षाची गोडी डोक्यातून काढा. वाईनची द्राक्षं बारीक, बियांची, आणि त्यांच्यातली साखर आंबवताना सहसा मुद्दाम संपू दिलेली असते. जिच्यात ती जवळजवळ उरलीच नाही, ती ‘ड्राय’.

शेनिनला नासपती, हिरवं सफरचंद आणि पुसटसा मधाचा वास. द्राक्ष पिकलं तरी तिचा आंबटपणा टिकतो, म्हणून नाशिकच्या उन्हात हे वाण मानवलं. आपल्याकडे ती बऱ्याचदा किंचित गोड ठेवतात. सॉव्हिन्यॉ खणखणीत ड्राय: लिंबू, पेरू, कापलेलं गवत, ढोबळी मिरची. मिरचीचा वास पायराझिन या द्राक्षातल्या संयुगाचा. द्राक्ष पिकत जाईल तसा तो उतरतो. खुडा फार लवकर झाला तर वाईन नुसती हिरवी लागते, लांबला तर आंबटपणा जाऊन मचूळ. सॉव्हिन्यॉच्या बाटल्यांमध्ये फरक पडतो तो इथेच.

झणझणीत मिसळ असेल तर शेनिनच. गोडीने तिखट निवतं, अल्कोहोल आणि तुरटपणाने भडकतं. कोथिंबीर वडी किंवा लिंबू पिळलेला तळलेला मासा असेल तर सॉव्हिन्यॉ.

लालमध्ये भांडण तुरटपणाचं. कॅबरनेचा मणी लहान, साल जाड. गराच्या मानाने साल आणि बिया जास्त, म्हणून तुरटपणा देणारं टॅनिनही जास्त. कोरा चहा खूप उकळून प्यायल्यावर हिरड्या आवळतात ना, तसं. शिराझमध्ये जांभूळ आणि काळे मिरे. टॅनिन असतं, पण सहसा मऊ. मिऱ्याचा वास सालीतल्या रोटंडन या संयुगामुळे येतो, लाकडी पिंपामुळे नाही; पिंप देतं ते व्हॅनिला आणि धूर. पहिल्यांदा लाल घेणाऱ्याने शिराझ घ्यावी. कोवळी कॅबरने तासभर आधी जगमध्ये ओतून ठेवली तर सुसह्य होते. निखाऱ्यावर भाजलेल्या, चरबी असलेल्या मटणाबरोबर मात्र तीच सरस, कारण चरबी आणि प्रथिनं टॅनिनची धार मारतात. काळ्या मसाल्याच्या जहाल रश्श्याशी तिची गाठ घालू नका.

पाचवं नाव झिन्फान्डेल, जामसारखी फळाळ. आपल्याकडे बहुधा रोझे, म्हणजे गुलाबी वाईन म्हणून मिळते. पांढरी की लाल यावर घरात एकमत होत नसेल तर तीच आणा.

‘लाल वाईन खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड घरांचा. नाशिकच्या एप्रिलमध्ये ती तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा, १६ ते १८ अंशांवर येऊ द्या. नाहीतर नाकात आधी अल्कोहोलच शिरतं. पांढरी ८ ते १० अंशांवर, म्हणजे फ्रिजमध्ये तीन-चार तास. बर्फगार केली तर वासच मरतो.

दुकानात बूच वर आलेलं किंवा मानेवर चिकट ओघळ दिसला तर बाटली परत ठेवा, ती बहुधा उन्हात तापलेली असते. पांढरीच्या लेबलवरचं वर्ष शक्यतो अलीकडचं बघा. ७५० मिलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. उरलीच, तर झाकण लावून फ्रिजमध्ये. तीन दिवसांत संपवा, लालसुद्धा.