पांढऱ्या रंगाखालचे काळे बूट : फिगर स्केटिंगचे वापरलेले बूट घेताना झालेली फसवणूक

फिगर स्केटिंगचे वापरलेले बूट विकणाऱ्या एका व्यक्तीकडून मी माझ्या मुलीसाठी इंटरनेटवरून एक जोडी घेतली आणि त्या व्यवहारात माझी पद्धतशीर फसवणूक झाली. जाहिरातीत म्हटले होते की बूट आधुनिक बांधणीचे, वजनाला हलके, उष्णता देऊन पायाच्या आकारात बसवता येणारे, दुहेरी उड्यांना (हवेत दोन फेऱ्या घेऊन उतरायच्या उड्यांना) पुरेसे ताठ आणि जेमतेम वापरलेले आहेत, आणि त्यांना वरच्या दर्जाचे ब्लेड आहेत. किंमत नव्या जोडीपेक्षा थोडीच कमी होती, त्यामुळे स्वस्ताईच्या लोभाने फसण्याचा हा प्रकार नव्हता. यातील एकही दावा खरा निघाला नाही. मात्र प्रत्येक खोटेपणा उघडकीस आला तो बुटांच्या बांधणीवरूनच, कारण कोणत्या काळात स्केटरकडून काय अपेक्षित होते हे त्या काळच्या बुटात उतरलेले असते आणि वरून रंग दिल्याने ते बदलत नाही. हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे, कारण वापरलेल्या बुटांचा बाजार मोठा आहे आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या पालकांना त्या बाजारात वारंवार जावे लागते.

पहिल्याच सरावानंतर डाव्या बुटाच्या घोट्याजवळच्या घडीतून पांढऱ्या रंगाचा पापुद्रा सुटला आणि त्याखाली काळे कातडे दिसले. स्त्रियांचे बूट पांढरे आणि पुरुषांचे काळे हा संकेत वाटतो तितका प्राचीन नाही. नॉर्वेच्या सोन्या हेनी हिने १९२८, १९३२ आणि १९३६ अशा लागोपाठच्या तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले, आणि तिच्यामुळे पांढऱ्या बुटांची चाल पडली. त्याआधी स्त्रियाही काळे किंवा तपकिरी बूट घालत असत. पुढे मात्र ही विभागणी इतकी पक्की झाली की काळा बूट म्हणजे पुरुषांच्या मापाचा बूट, असे साधारणपणे धरून चालता येते. पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या बुटांचे क्रमांक आणि रुंदी वेगवेगळी असते. आमच्या जोडीत आत छापलेला मूळ क्रमांक खरवडून काढून त्यावर नवी चिठ्ठी चिकटवलेली होती. लेस कितीही घट्ट ओढली तरी मुलीची टाच आतल्या आत का उचलली जात होती, याचा उलगडा तेथे झाला.

त्यानंतर बूट एका अनुभवी कारागिराकडे नेले. ब्लेड बसवणे, धार लावणे आणि बूट पायाबरहुकूम करून देणे हे त्याचे रोजचे काम. बूट भट्टीत ठेवण्यापूर्वी त्याने ते हातात तोलून पाहिले आणि उष्णता देण्यास साफ नकार दिला. तळाचा चकचकीत रंग थोडा खरवडताच चामड्याचे एकावर एक चिकटवलेले थर दिसले, आणि टाचही तशाच थरांची होती. ही बांधणी जुन्या परंपरेतील आहे. पूर्वी लाकडी पट्टीत बसवलेले पाते रोजच्या जोड्याखाली पट्ट्यांनी बांधले जाई. १८६०च्या दशकात जॅक्सन हेन्स या अमेरिकन स्केटरने ब्लेड थेट बुटालाच जोडण्याची पद्धत रूढ केली, आणि तेव्हापासून बुटाचा तळ हा स्क्रू धरून ठेवणारा पाया झाला. चामड्याच्या तळात बर्फाचे पाणी मुरले की तो कुजतो आणि स्क्रू ढिले पडतात, म्हणून अशा तळाला मेण किंवा रंगाचे संरक्षण द्यावे लागते. अलीकडच्या दशकांत अनेक उत्पादकांनी प्लास्टिक, कार्बन फायबर आणि इतर मिश्र पदार्थांचे तळ आणले, ते पाणी शोषत नाहीत आणि वजनही घटवतात. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे की चामड्याचा तळ हा स्वतःहून दोष नव्हे. आजही काही उत्पादक हाताने चामड्याचे उत्तम बूट घडवतात आणि चांगले स्केटर ते आवडीने वापरतात. आमच्या बाबतीत खोटेपणा होता तो चामड्याला मिश्र पदार्थ म्हणून विकण्यात.

ब्लेड उतरवल्यावर त्याहून महत्त्वाची गोष्ट समोर आली. नव्या बुटावर ब्लेड प्रथम लांबट छिद्रांतून मोजके स्क्रू घालून तात्पुरते बसवतात, स्केटर बर्फावर चालून पाहतो, ब्लेड थोडे आत किंवा बाहेर सरकवले जाते आणि मगच उरलेले स्क्रू कायमचे घातले जातात. त्यामुळे जेमतेम वापरलेल्या बुटाच्या तळाला छिद्रांचा एकच संच असायला हवा. येथे लाकडाच्या काड्या आणि गोंद भरून बुजवलेली जुनी छिद्रे इतकी होती, की त्या बुटांवर वेगवेगळी ब्लेड अनेकदा बसवली गेली होती याविषयी शंका उरली नाही.

खरा धोका मात्र घोट्यात होता. बूट ताठ असल्याची चिठ्ठी आत लावलेली होती, आणि बाहेरून दाबल्यावर तो ताठ लागतही होता. कारागिराने अस्तराची शिवण उसवली तेव्हा चामडे आणि अस्तर यांच्यामध्ये प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या सरकवलेल्या सापडल्या. मूळ चामडे घोट्याच्या रेषेवर पूर्ण मोडले होते आणि तेथील घडीत भराव घालून वरून रंग दिला होता. हे किती घातक आहे हे कळण्यासाठी ताठपणा बुटात आला कसा, ते थोडक्यात सांगायला हवे. बर्फावर ठरावीक आकृत्या काटेकोरपणे गिरवण्याला एकेकाळी एकूण गुणांपैकी ६० टक्के वाटा होता, आणि त्या कामासाठी घोटा मोकळेपणाने वळू देणारा मऊ बूट सोयीचा होता. उड्यांची मजल मात्र सतत वाढत गेली. डिक बटन याने १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये तिहेरी उडी मारली, कर्ट ब्राउनिंग याने १९८८ च्या जागतिक स्पर्धेत चौपट टो-लूप, म्हणजे चार फेऱ्यांची उडी, पूर्ण केली, आणि २०२२ मध्ये इलिया मालिनिन याने चौपट ॲक्सेल साधली; ॲक्सेल ही उडी पुढे तोंड करून घेतात, म्हणून तिच्यात चारऐवजी साडेचार फेऱ्या होतात. उडीवरून उतरताना एकाच पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. तो भार घोट्याने एकट्याने सोसू नये म्हणून चामड्याचे थर वाढले, आतील आधार पक्के झाले आणि पुढे कृत्रिम पदार्थ आले. मोडलेल्या घोट्याचा बूट घालून दुहेरी उडी मारणारे मूल प्रत्यक्षात आधाराविनाच उतरत असते, फरक इतकाच की आधार आहे अशी त्याची समजूत करून दिलेली असते. यात मला पैशांच्या नुकसानीपेक्षा मुलीच्या पायाशी केलेला खेळ अधिक संतापजनक वाटतो.

ताठपणाच्याच नावाखाली उलट दिशेने होणारी फसवणूकही तितकीच प्रचलित आहे. नवशिक्या मुलाच्या पालकांना ‘स्पर्धेचे बूट’ म्हणून अतिशय ताठ जोडी विकली जाते. तिहेरी उड्यांसाठी घडवलेला तो बूट हलक्या वजनाच्या मुलाला वाकवताच येत नाही, गुडघा आणि घोटा नीट न वाकल्याने उतरण्याचे तंत्र बिघडते, आणि धक्का वर गुडघ्याकडे आणि कमरेकडे जातो. ताठ बुटाचा हा दोष तज्ज्ञांनीही ओळखला होता. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातील संशोधकांनी घोट्याजवळ बिजागरीसारखा सांधा असलेला बूट तयार केला, पायाला पुढे वाकू देऊन बाजूचा आधार कायम ठेवावा हा त्यामागचा विचार होता. तो सर्वत्र रूढ झाला नाही. म्हणून विक्रेता ‘जितका ताठ तितका चांगला’ असे सांगू लागला, तर त्याच्यापुढे प्रशिक्षकाचे मत ठेवावे आणि मूल सध्या कोणत्या उड्या शिकत आहे यावरूनच ताठपणा ठरवावा.

ब्लेडची गोष्ट त्या मानाने लवकर आटोपली. पुढचे दाते, म्हणजे टो-पिक, अगदी लहान होते आणि तळाची खोबण उथळ होती. हे ब्लेड आकृत्या गिरवण्यासाठीचे होते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून आकृत्या १९९० नंतर पूर्णपणे वगळल्या गेल्या, म्हणजे ‘वरच्या दर्जाचे’ ब्लेड निदान त्या काळातील कामासाठीचे होते, आणि टो-पिक बर्फात रोवून मारायच्या उड्यांना त्याचा काहीच उपयोग नव्हता. अनेक ब्लेडवर क्रोमचा चकचकीत मुलामा असतो, आणि खालच्या कडेला तो मुलामा काढलेली एक पट्टी असते. धार लावता लावता ती झिजून क्रोमपर्यंत पोचली की ब्लेडचे आयुष्य संपत आलेले असते. आमच्या ब्लेडवर ती पट्टी जवळजवळ उरली नव्हती.

विक्रेत्याला हे सर्व कळवल्यावर त्याचे पहिले उत्तर होते की जुने चामडे नव्यापेक्षा टिकाऊ असते. कारागिराचा लेखी अभिप्राय आणि उसवलेल्या अस्तराची छायाचित्रे पाठवल्यावर उत्तरे थांबली आणि मूळ जाहिरात काढून टाकण्यात आली. जाहिरातीची प्रत मी जपून ठेवली होती, त्यामुळे संकेतस्थळाकडे तक्रार नोंदवता आली आणि ते खाते बंद झाले. पैसे परत मिळाले नाहीत.

ज्यांना वापरलेले बूट घ्यायचेच आहेत, त्यांनी पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून काही ठरावीक छायाचित्रे मागवावीत. जाहिरातीत सहसा बुटाची बाहेरची बाजू दाखवतात; आपण लेस पूर्ण सोडून, जीभ बाहेर ओढून घेतलेले आतले छायाचित्र मागावे, त्यात छापलेला मूळ क्रमांक आणि रुंदी दिसली पाहिजे. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूचे जवळून घेतलेले छायाचित्र हवे, तेही लेस न बांधता, म्हणजे घडी किती खोल आहे हे कळते. बूट टेबलावर मागून उभे ठेवून घेतलेल्या छायाचित्रात टाचेवरचा भाग एका बाजूला कललेला असेल, तर आतला आधार गेलेला आहे. ब्लेडची लांबी आणि मॉडेल धातूवर कोरलेले असते, त्याचे वाचता येईल असे चित्र घ्यावे आणि शक्य असल्यास उत्पादकाच्या सध्याच्या माहितीशी ताडून पाहावे. सर्वांत शेवटी, आणि विक्रेते यालाच सर्वाधिक टाळाटाळ करतात, एका बुटाचे ब्लेड उतरवून तळाचे छायाचित्र मागावे, कारण बुजवलेली छिद्रे तेथेच दिसतात.