चेसिस नंबर तपासून घ्या: रिकॉलच्या दुरुस्तीचा साताऱ्यातला अनुभव

मे २०२४ मध्ये खंबाटकी घाटात माझी गाडी चालता चालता बंद पडली. त्या दिवसापासून जुलैमध्ये नवा फ्युएल पंप बसेपर्यंत काय काय झालं ते सविस्तर लिहिते आहे. आपल्याकडे सेकंडहँड गाडी घेणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना आपली गाडी कंपनीने दुरुस्तीसाठी परत मागवली आहे का, याचा पत्ता नसतो. मलाही नव्हता.

गाडी २०१९ ची, पेट्रोल, कंपनी परदेशी पण बांधणी भारतातल्याच कारखान्यातली. मी ती २०२२ मध्ये एजंटाकडून पाच लाख चाळीस हजारांना घेतली. पासिंग एमएच बारा, पहिले मालक पुण्याचे. कंपनीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा म्हणतो, आपली गाडी दुसऱ्या कंपनीची आहे, आपल्याला काय त्याचं. तसं होऊ नये.

आईचे डोळे दाखवून आम्ही पुण्याहून परत येत होतो. जाताना बोगदा आणि येताना घाट, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. खंडाळा सोडून घाट चढायला लागलो, गाडी दुसऱ्या गिअरवर होती. एक आचका बसला आणि इंजिन बंद. डॅशबोर्डवर सगळे दिवे लागले, स्टिअरिंग एकदम जड झालं. ब्रेक पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा लागला, तिसऱ्या वेळी पेडल दगडासारखं घट्ट. इंजिन बंद पडलं की ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांतच संपते, हे मला नंतर गॅरेजात समजलं. त्या क्षणी एवढंच कळत होतं की गाडी मागे सरकते आहे आणि मागे सिमेंटच्या गोण्यांचा ट्रक आहे.

त्या ट्रकच्या ड्रायव्हरने अंतर ठेवलं होतं म्हणून मी आज हे लिहिते आहे. त्याचा क्लीनर उडी मारून आला आणि मागच्या चाकाला दगड लावला. “ताई, पायातलं जोर सोडू नका. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्यात टाका.” मग तो वळणावर जाऊन उभा राहिला आणि हातातलं फडकं हलवत मागच्या गाड्या बाजूने काढून देत राहिला. आई मागच्या सीटवर देवाचं नाव घेत होती. वीस-बावीस मिनिटांनी चावी फिरवली तर गाडी सुरू झाली, जसं काही झालंच नव्हतं. वेळे, सुरूर, भुईंज, आनेवाडीचा टोलनाका, साताऱ्यापर्यंत चाळीसच्या वर वेग नेला नाही. त्या क्लीनरचं नाव विचारायचं राहिलं, ते अजून मनाला लागून आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी वाढे फाट्याच्या अलीकडच्या एका पत्र्याच्या शेडमधल्या गॅरेजात नेली. तिथले मिस्त्री पन्नाशीचे आहेत, कमी बोलतात. त्यांनी मागची सीट उचलली आणि मला म्हणाले, “चावी ऑन करा, स्टार्ट नका करू.” कान लावून ऐकलं. चावी ऑन केली की पंप दोन सेकंद गुणगुणतो, तो आवाज यायला हवा. तीन वेळा आला, चौथ्यांदा आला नाही. मग प्रेशरचं मीटर लावून पाहिलं, काटा वरखाली होत होता. पंप गेला होता.

इथे ते मला पंप विकू शकत होते. मी घाबरलेली होते, आठ-नऊ हजार म्हणाले असते तरी दिले असते. पण ते म्हणाले, “ताई, या मॉडेलचे पंप कंपनीनं परत मागवलेत असं कानावर आहे. आधी चेसिस नंबर टाकून बघा. यादीत असेल तर फुकट बदलून मिळंल, माझ्याकडं कशाला पैसे घालता?” तपासणीचे तीनशे रुपये घेतले. अशा माणसाबद्दल चार शब्द जास्त लिहिले तर हरकत नसावी. गेल्या कित्येक वर्षांत मला मिळालेला सगळ्यात प्रामाणिक सल्ला तो होता.

आरसीवर सतरा अक्षरी चेसिस नंबर असतो. कंपनीच्या वेबसाइटवर तो टाकला आणि उत्तर आलं: आपली गाडी या रिकॉल मोहिमेत समाविष्ट आहे, जवळच्या सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. पंपाच्या आत पेट्रोल ढकलणारी प्लास्टिकची एक लहान चक्री असते. ती पेट्रोलात राहून फुगते, घासते आणि अडकते. गार झाली की पुन्हा फिरते. म्हणून गाडी वीस मिनिटांनी सुरू झाली होती.

माझं गोडोलीत मेडिकलचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. औषधाच्या एखाद्या बॅचमध्ये दोष निघाला की स्टॉकिस्टचा फोन येतो, बॅच नंबर सांगतात, आणि त्या पट्ट्या आम्ही त्याच तासाला रॅकवरून काढून वेगळ्या ठेवतो. दर्जात नापास झालेल्या औषधांची यादी केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला जाहीर करते, बॅच नंबरासकट. ओळखीचं गिऱ्हाईक ती पट्टी घेऊन गेलेलं असेल तर मी फोन करते. “नवी बॅच येईपर्यंत हीच गोळी घेत राहा” असं मी कुणाला कधी सांगितलेलं नाही, आणि सांगणाऱ्याच्या हातून औषध घेऊही नये.

सर्व्हिस सेंटरला फोन केला तेव्हा रिसेप्शनवरची मुलगी नीट बोलली. नंबर यादीत आहे म्हणाली, पार्ट शिल्लक नाही म्हणाली, आला की कळवतो म्हणाली. मी विचारलं, तोपर्यंत गाडी चालवायची का? तिने कुणाला तरी विचारलं आणि सांगितलं, “चालवा की मॅडम, काही होत नाही.”

काही होत नाही! घाटातलं सगळं मी तिला सांगितलं होतं. तिचा दोष मी मानत नाही, तिला तसंच शिकवलेलं असणार. पण ज्या दोषासाठी कंपनी स्वतःच्या खर्चाने हजारो गाड्यांचे पंप बदलते, तो दोष काउंटरपर्यंत येता येता “काही होत नाही” कसा होतो? मी गाडी पार्किंगमध्ये झाकून ठेवली. पुण्याच्या पुढच्या तिन्ही खेपा विनाथांबा एसटीने केल्या, आईला घेऊन.

कळवतो म्हणाले होते, कुणी कळवलं नाही. मीच चार वेळा फोन केले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पार्ट आला. त्या दिवशीच्या कामाबद्दल मात्र तक्रार नाही. साडेनऊला गाडी दिली, बाराला मिळाली. मागच्या सीटखालचं गोल झाकण उघडून पंप काढला. काम करणाऱ्या मुलाने जुना पंप मला दाखवला आणि नवा बसवून गाडी स्वतः एक फेरी मारून आणली. जॉब कार्डावर मोहिमेचा नंबर आणि रक्कम शून्य. मध्येच सल्लागाराने थ्रॉटल बॉडीची सफाई, अलाइनमेंट आणि एसीची फवारणी मिळून ४,२०० रुपयांचं अंदाजपत्रक पुढे केलं, त्याला मी नको म्हटलं. रिकॉलसाठी गेलात तर फक्त रिकॉलचं काम करून घ्या, सही करण्याआधी जॉब कार्ड वाचा. त्यानंतर पुण्याच्या अनेक खेपा झाल्या, गाडी एकदाही बंद पडलेली नाही. ॲव्हरेज पूर्वीइतकंच आहे.

कामाला मी पाचपैकी चार देते. कळवण्याला शून्य.

हे सगळं चालू असताना आमच्या काउंटरवर रोज एक चर्चा रंगत होती. भाऊजींचं म्हणणं, परदेशी कंपनीच्या नादाला लागलीस म्हणून हे झालं, आपली देशी घ्यायची. बीपीच्या गोळ्यांसाठी येणारे सुभेदारकाका उलट बाजूचे. त्यांचा भरवसा परदेशी पत्र्यावर. दोघांचंही बोलणं मनापासूनचं असतं, आणि जीवाशी संबंध असल्यामुळे ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. म्हणून मी जमेल तेवढं वाचून काढलं.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या आपटून पाहिल्या. नॅनो, अल्टो ८००, आय-टेन, फिगो आणि पोलो. एक भारतीय, बाकीच्यांची मूळ घराणी जपानी, कोरियन, अमेरिकन आणि जर्मन. मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना पाचपैकी शून्य तारे. त्यातल्या पोलोचीच दोन एअरबॅग असलेली आवृत्ती आपटली, तिला चार तारे मिळाले. पोलो चाकणला बनायची. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये टाटाच्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले, ती रांजणगावला बनते. म्हणजे शून्यही पुणे जिल्ह्यात तयार झालं आणि पाचही पुणे जिल्ह्यात. भाऊजींना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

अमेरिकेत हा वाद आपल्यापेक्षा जोरात झालेला आहे. २००९-१० मध्ये टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात म्हणून लाखो गाड्या परत मागवाव्या लागल्या. पायाखालची मॅट सरकून ॲक्सिलरेटरमध्ये अडकत होती, काही गाड्यांत पेडलच चिकटत होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये कंपनीचे प्रमुख अकिओ टोयोडा यांना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उत्तरं द्यावी लागली. जपानी गाडी घ्यावी की आपली, यावर तिकडे घराघरात भांडणं झाली. इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष आहे का हे शोधायला नासाचे अभियंते लावले, त्यांना तसा दोष सापडला नाही. पण ग्राहकांची दिशाभूल केली म्हणून २०१४ मध्ये टोयोटाला १२० कोटी डॉलर भरावे लागले.

आणि त्याच २०१४ मध्ये जनरल मोटर्सचं, म्हणजे अमेरिकेच्या घरच्या कंपनीचं प्रकरण बाहेर आलं. इग्निशन स्विच इतका सैल होता की धक्का बसला किंवा चावीला जड जुडगा असला तरी तो चालत्या गाडीत फिरायचा. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि नेमक्या अपघाताच्या वेळी एअरबॅगही उघडायची नाही. कंपनीतल्या काहींना हा दोष दहाएक वर्षं ठाऊक होता. भरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. चालत्या गाडीत इंजिन बंद होणं म्हणजे काय ते घाटात अनुभवलं असल्याने हा आकडा वाचून मी दुकानात सुन्न बसून होते.

टकाटा या कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण मला माझ्या धंद्यामुळे लवकर समजलं. एअरबॅग फुगवायला आत अमोनियम नायट्रेट असायचं. वर्षानुवर्षं उष्णता आणि ओल लागून ते बिघडायचं, आणि अपघातात एअरबॅग उघडताना धातूचं कवचच फुटून तुकडे माणसाला लागायचे. गोळ्यांच्या बाटलीत आपण ओल शोषणारी पुडी का ठेवतो, त्यातलंच हे. टकाटा जपानी, पण त्यांच्या एअरबॅग जपानी, अमेरिकन, जर्मन अशा कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत होत्या. जगभरात दहा कोटींच्या आसपास इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारे हे भाग, परत मागवले गेले आणि जून २०१७ मध्ये टकाटाने दिवाळखोरी जाहीर केली. बॉनेटवरचं चिन्ह कुठल्या देशाचं आहे यावरून आतला सुटा भाग कुणी बनवला ते कळत नाही. तो कळतो नंबरावरून.

म्हणून माझं भांडण गाडीच्या देशाशी नाही, पत्त्याशी आहे. पहिल्या मालकांचा नंबर जुन्या विम्याच्या कागदावर सापडला. फोन केला तर म्हणाले, कंपनीचे मेसेज दोनदा आले होते, गाडी विकून टाकली म्हणून त्यांनी पुढे पाहिलं नाही. त्यांना कसा दोष देणार? गाडी माझ्या नावावर झाली तेव्हा माझा मोबाइल नंबर सरकारी नोंदीत गेला. पोवई नाक्याला चुकीच्या जागी गाडी लावली होती, तेव्हा ई-चलान बरोबर माझ्याच मोबाइलवर आलं. दंड पोचतो आणि जीवाची सूचना पोचत नाही, हे मला मान्य नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं, त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले, दोष असलेल्या गाड्या परत मागवायला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. गाडीतल्या दोषाची तक्रार ग्राहकाला सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर करता येते. मी केली. दुसऱ्या मालकाला शोधून कळवण्याची सक्तीही त्यात यायला हवी, असं तिथेही लिहिलं.

कुणाला हे काम करून घ्यायचं असेल तर आरसीची झेरॉक्स आणि चेसिस नंबरचा फोटो सोबत न्या, पहिल्या मालकाचं पत्र लागत नाही. सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत आपला मोबाइल नंबर बदलून घ्या आणि बदलला का ते स्क्रीनवर बघा. माझ्या गाडीपुढे जुलैपर्यंत पुण्याचाच नंबर होता. पार्ट शिल्लक नसेल तर गाडी चालवायची की नाही, हे त्यांच्याकडून लेखी मागा.

मी तेच मागितलं होतं. “काही होत नाही” हे तुमच्या कंपनीचं अधिकृत उत्तर आहे का, असं विचारणारं पत्र जुलैअखेर रजिस्टर पोस्टाने सर्व्हिस सेंटरला पाठवलं, एक प्रत कंपनीला. दोन्ही पोचपावत्या सही-शिक्क्यानिशी परत आल्या. उत्तर आलेलं नाही. सुभेदारकाका मात्र काल सकाळी गोळ्या घ्यायला येताना स्वतःच्या गाडीची आरसी घेऊन आले, आणि पाठोपाठ संध्याकाळी भाऊजीही.