बिऱ्हाड पाठीवर की तंबू एका जागी? लहान मुलांबरोबर डोंगरात चार दिवस

मुलं होण्याआधी आम्ही दोघं डोंगरात गेलो की विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरायचो. रोज नवा मुक्काम. मोठी पाच वर्षांची आणि धाकटा अडीच वर्षांचा असताना त्याच पद्धतीने चार दिवसांचा बेत आखला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मुकाट्याने खाली उतरलो. पुढच्या वर्षी तंबू एकदाच लावला, तीन रात्री हलवलाच नाही. दोन्ही करून झालंय, म्हणून जे अजून ठरवताहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सोयीसाठी पहिल्या प्रकाराला ‘हलता मुक्काम’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘ठिय्या’. ठिय्यात पहिल्या दिवशी दोन-तीन तास आत चालायचं, पाण्याजवळची पण ओढ्याच्या पात्रापासून उंचावरची सपाट जागा धरायची आणि तिथून रोज छोट्या सॅका घेऊन आसपास भटकून परत यायचं.

वेळेचं गणित

विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक ठोकताळा दिला, तो अजून वापरतात: सपाटीवर तासाला 5 किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाला एक तास जास्त. म्हणजे 8 किलोमीटर अंतर आणि 600 मीटर चढ असेल तर दोन तास छत्तीस मिनिटं. आम्हाला सात तास लागले. वाटेत एक काळा चकचकीत भुंगेरा उलटा पडून पाय हलवत होता. त्याला काडीने सरळ करायचं, तो पुन्हा उलटा होणार, पुन्हा सरळ करायचं. यात पंचवीस मिनिटं गेली. ठिय्यात असतो तर मीही शेजारी उकिडवा बसलो असतो. हलत्या मुक्कामात माझं लक्ष घड्याळाकडे होतं, कारण पुढची तंबूची जागा अजून तीन किलोमीटरवर होती आणि उजेड असताना तिथे पोचणं भाग होतं. माझ्या मते दोन प्रकारांमधला खरा फरक हा आहे. एकात मुलाचा वेग चालतो, दुसऱ्यात तो अडचण होऊन बसतो.

सकाळचंही तसंच. चार स्लीपिंग बॅगा कोंबायच्या, मॅट गुंडाळायच्या, दवाने ओला झालेला तंबू झटकायचा (ओला तंबू चांगलाच जड होतो), आणि हे होईस्तोवर एकाचा बूट काढलेला आणि दुसरीला पुन्हा भूक लागलेली. आम्हाला रोज अडीच तास लागायचे. ठिय्यात चेन लावली की पाऊण तासात बाहेर.

ओझं

अडीच वर्षांचं मूल थोडं चालतं, पण दिवसभर चालत नाही, म्हणजे पाठीवरचं कॅरिअर आलंच. फ्रेमचं कॅरिअर नुसतंच तीन किलोच्या आसपास असतं, त्यात बारा-तेरा किलोचं मूल, पाणी, जाकिटं. बहुतेक कॅरिअरची एकूण मर्यादा वीस-बावीस किलोच्या आसपास असते, ती इथेच भरते. म्हणजे चौघांचा तंबू, अंथरूण-पांघरूण, स्टोव्ह आणि सगळं खाणं दुसऱ्या मोठ्या माणसाच्या सॅकमध्ये. हे रोज घेऊन चढणं आणि फक्त येता-जाता दोनदा नेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ठिय्याची जागा जवळ असेल तर दोन फेऱ्याही करता येतात: एकाने मुलांजवळ थांबायचं, दुसऱ्याने उरलेलं सामान आणायचं.

कॅरिअरबद्दल एक गोष्ट मला उशिरा कळली. चढावर मी घामाघूम होतो, मागे हात नेऊन धाकट्याच्या मोज्यात बोट घातलं तर त्याची पावलं गारठलेली. चालणाऱ्याला ऊब मिळते, बसलेल्याला नाही. शिवाय लोंबकळत्या पायांवर पट्ट्यांचा दाब येतो. तेव्हापासून दर अर्ध्या तासाला पावलं तपासतो आणि तासाभराने खाली उतरवून उड्या मारायला लावतो.

उंची, हवा आणि परतीची वाट

जिथे रात्री 2500 मीटरच्या वर काढायच्या असतील तिथे माझं मत ठाम आहे: लहान मुलांबरोबर हलता मुक्काम नको. 3000 मीटरच्या वर झोपायची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असं मोठ्यांनाही सांगतात. मोठा माणूस डोकं दुखतंय म्हणेल. दोन वर्षांचं मूल किरकिर करतं, जेवत नाही, झोपत नाही, ओकतं. दमल्यावरही ते हेच करतं, मग फरक कसा ओळखणार? उंचीवर असं काही दिसलं तर उंचीचा त्रास धरून चालायचं आणि खाली उतरायचं. ठिय्यातून खाली उतरणं म्हणजे ओळखीच्या वाटेने दोन-तीन तास. हलत्या मुक्कामात तिसऱ्या दिवशी तुम्ही नेमके मध्यावर असता, दोन्ही टोकांपासून सारखेच लांब. आम्ही उंचीवर नव्हतो, धाकट्याला साधा ताप होता, तरी ती दुपार आठवली की पोटात गोळा येतो.

हवेचं थोडक्यात. दर 1000 मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, आणि वजनाच्या मानाने मुलांच्या अंगाचा पृष्ठभाग जास्त असल्याने ती मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात. पावसात भिजलेल्या मुलाला लगेच कोरडं करायला हवं. ठिय्यात तंबू उभा असतो, आत कोरडे कपडे. हलत्या मुक्कामात तोच पाऊस झेलत तंबू लावायचा असतो. गडगडाट ऐकू आला तर धार सोडून खाली यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं थांबायचं, हे दोन्हीकडे सारखंच. पण ज्याला पुढे कुठे पोचायचं नाही त्याला ते थांबणं सोपं जातं.

डायपर पुरू नयेत, परत न्यावेत. वापरलेला डायपर किती जड होतो ते पालकांना सांगायला नको. हलत्या मुक्कामात ती पिशवी रोज फुगत तुमच्याच पाठीवर असते. बाकी शौचासाठी पाण्यापासून निदान साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा. पाणी उकळायचं असेल तर उकळी फुटल्यावर एक मिनिट, 2000 मीटरच्या वर तीन मिनिटं. त्या हिशेबाने इंधन थोडं जास्त घ्या.

ठिय्या कुठे कमी पडतो

इतकं सगळं असूनही मोठीला विचारा, तिला काय आठवतं? ओढ्याकाठचे निवांत तीन दिवस नाही. आठवते ती खिंड, जिच्या अलीकडे एक खोरं होतं आणि पलीकडे दुसरंच. “आपण तिकडून इथपर्यंत चालत आलो?” हे तिने मागे वळून तीनदा विचारलं होतं. ते ठिय्यात मिळत नाही. संध्याकाळी परत त्याच तंबूत यायचं, तिसऱ्या दिवशी तोच दगड, तीच वाट. पाच वर्षांच्या मुलाला याचा कंटाळा येत नाही, पण नऊ वर्षांच्या मुलाला येतो.

म्हणून निवड वयावर सोडा, आणि तीही सर्वांत धाकट्याच्या. आधार न घेता नीट बसणारं, पण अजून न चालणारं एकच बाळ आणि दोन दमदार मोठी माणसं असतील तर कमी उंचीवर, दिवसाला पाच-सहा किलोमीटरचा हलता मुक्काम जमतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण बाळ सोपं असतं. दोन ते चार हे सर्वांत कठीण वय: चालायचं असतं पण चालवत नाही, उचललेलं आवडत नाही. तेव्हा ठिय्याच. आठच्या पुढची सगळी असतील तर खुशाल हलवा आणि त्यांना स्वतःची सॅक द्या, वजनाच्या दहाव्या हिश्शापर्यंत. मधल्या वयाला आम्ही आता दोन रात्री एका जागी आणि तिसरी रात्र परतीच्या वाटेवर दुसरीकडे, असं करतो. हलवल्याचं समाधान मिळतं आणि तोंड खालच्या दिशेला असतं.

वाटेवर निवारे असतील तर तंबू वाचतो, हे खरं. पण ठरलेल्या दिवशी तिथे पोचावंच लागतं, आणि रात्री दोन वाजता तुमचं मूल रडतं तेव्हा खोलीतली अनोळखी माणसंही जागी होतात. मला तंबू परवडतो.

दोन्ही प्रकारांत प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिट्टी हवी, आणि निघण्याआधी दोन गोष्टी पाठ करून घ्यायच्या: चुकलं तर आहे तिथेच थांबायचं, आणि तीनदा शिट्टी वाजवायची, थांबायचं, पुन्हा तीनदा. पहिल्या दिवशी शिट्टी विनाकारण दोन तास वाजेल. वाजू द्या. दुसऱ्या दिवशी कंटाळतात.